फरशीखालचे फोटो

वेबसाइट बनवणारा वेगळा आणि पाइप जोडणारा वेगळा. इतकी उघड गोष्ट, तरी एखाद्या प्लंबरची वेबसाइट उघडली की डोळे आधी रंग, अक्षरं आणि चित्रंच बघतात. पान झटकन उघडलं, रंग खुपले नाहीत, नंबर जागच्या जागी सापडला, की मन म्हणतं, माणूस नीटनेटका दिसतोय. वास्तविक नीटनेटका असतो तो वेबसाइटवाला. प्लंबरने बहुधा त्याला आपला नंबर, चार-दोन फोटो आणि ठरलेले पैसे दिले आणि तो कामावर निघून गेला.

ही खोड सगळ्यांचीच. २००२ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात बी. जे. फॉग यांच्या गटाने २,६८४ लोकांना एकेका विषयावरच्या दोन-दोन वेबसाइट दाखवल्या आणि यातली जास्त भरवशाची कोणती, ते कारणासकट विचारलं. सर्वांत जास्त वेळा, म्हणजे ४६.१ टक्के अभिप्रायांत, लोक साइटच्या दिसण्याविषयी बोलले. त्याच सुमारास आरोग्यक्षेत्रातल्या तज्ज्ञांनाही आरोग्याच्या साइट तपासायला दिल्या गेल्या. त्यांनी दिसण्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. ही माहिती देतंय कोण आणि ती आणली कुठून, याची ते चौकशी करत होते. पण गळणाऱ्या बाथरूमच्या बाबतीत आपण तज्ज्ञ नसतो हीच तर अडचण आहे. असतो तर मिस्त्री कशाला शोधला असता?

‘हा बरा वाटतोय का बघ गं’ असा निरोप आणि खाली लिंक, हे माझ्या फोनवर अधूनमधून येत असतं. मी काही बांधकामातली नाही. पण काही वर्षं मी छोट्या धंदेवाल्यांच्या वेबसाइटचा मजकूर लिहून दिला आहे, त्यामुळे भिंतीच्या आत काय असतं ते नाही तरी त्या पानाच्या आत काय असतं ते मला ठाऊक आहे. ‘आमच्याविषयी’ या पानावर काय लिहायचं, असं सुताराला विचारलं की तो म्हणायचा, ‘ताई, तुम्हीच लिहा काहीतरी चांगलं.’ मग मी चांगलं लिहायचे. ‘गुणवत्तेशी तडजोड नाही’, ‘ग्राहकांचं समाधान हाच आमचा ध्यास’, ‘अनुभवी व प्रशिक्षित कारागीर’. हीच वाक्यं थोडी फिरवून रंगाऱ्याला, तीच पुढे इलेक्ट्रिशियनला. कुणाचीच तक्रार आली नाही. ती वाक्यं कुणी वाचतच नव्हतं, अगदी ज्याच्यासाठी लिहिली तोसुद्धा.

तेव्हापासून मला एक सवय लागली. वाक्य उलटं करून बघायचं. ‘आम्ही गुणवत्तेशी हवी तेवढी तडजोड करतो’ असं कुणी लिहील का? नाही. मग सरळ वाक्यातूनही आपल्याला काही कळलेलं नाही. याउलट ‘आम्ही फक्त गळती शोधून बंद करतो, फरशी बसवून देत नाही’ हे वाक्य घ्या. ‘फरशीही बसवून देतो’ असं लिहिणारे ढीगभर सापडतील, म्हणजे या माणसाने खरंच काहीतरी सांगितलं आहे आणि ते सांगताना काही गिऱ्हाइकंही सोडून दिली आहेत. काय करत नाही, कुठल्या कामाला हात लावत नाही, कधी येऊ शकत नाही, हे ज्याच्या पानावर लिहिलेलं असतं ते पान मी सावकाश वाचते. सगळंच करतो म्हणणाऱ्याचं नाही. रंगकाम, नळकाम, वीजकाम, फर्निचर, किडनाशक फवारणी आणि वर पाण्याच्या टाक्या धुणं, हे सगळं ज्या पानावर एकत्र आहे तिथे काम करणारा बहुतेक कुणीच नसतो. फोन उचलणारा असतो आणि तो काम पुढे देतो.

असं काम पुढे देणं हा स्वतंत्र धंदाच आहे. एखादा जाहिरातीतला माणूस प्लंबरच्या नावाने वेबसाइट उभी करतो, शोधयंत्रात ती वर आणतो, येणारे फोन घेतो आणि तुमची अडचण ज्याला हवी त्याला विकतो. कधी सबंध वेबसाइटच एखाद्या खऱ्या प्लंबरला महिन्याच्या भाड्याने दिली जाते. यात नेहमी फसवणूक असतेच असं नाही, फोन पुढे पाठवून खरा, चांगला मिस्त्री दारात आल्याची उदाहरणंही असणार. पण मग पानावर लिहिलेला अनुभव कुणाचा, फोटो कुणाचे, हमी कोण निभावणार, याचं उत्तर कुणाकडेच नसतं. ही पानं ओळखायची सोपी खूण म्हणजे वस्त्यांची यादी. प्रत्येक भागासाठी एक वेगळं पान आणि आत तोच परिच्छेद, फक्त भागाचं नाव बदललेलं. यंत्राने नाव बदलताना कधी विभक्तीही चुकते आणि वाक्य लंगडतं. दुसरी खूण अशी की अख्ख्या वेबसाइटवर एकाही माणसाचं नाव नसतं. ‘आमची टीम’ असते आणि त्या टीमला चेहरा नसतो.

चेहरे असले तर कुणाचे असतात? विकत घेतलेल्या चित्रांमधले. कोरं करकरीत हेल्मेट, इस्त्रीचा निळा पोशाख, हातात पाना आणि समोर नळच नाही. अशा चित्रांत एक जुनं प्रसिद्ध उदाहरण आहे, त्यातली मॉडेल सोल्डरिंग आयर्न नेमक्या तापणाऱ्या टोकाला धरून हसते आहे. ज्यांनी आयुष्यात एकदा तरी सोल्डरिंग केलं आहे ते लोक त्या चित्रावर वर्षानुवर्षं हसत आले आहेत. हल्ली असा फोटो विकत घ्यायचीही गरज नाही, एआयकडून क्षणात करून मिळतो, आणि हात-बोटं पूर्वीसारखी चुकत नाहीत. तरी अवजाराचं आणि कामाचं नातं बघत राहिलं तर अजून खूप काही सापडतं. ओळंबा हातात आहे पण भिंत कुठे आहे? थापी स्वच्छ आणि गिलावा पूर्ण झालेला, हे कसं?

आता मूळ अडचणीकडे येते. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ साली काही सेवांचा एक वेगळाच गट पाडला. कपडा घेण्याआधी पारखता येतो. जेवण चांगलं होतं की नाही ते जेवल्यावर कळतं. पण काही कामं अशी असतात की ती करून घेतल्यावरही ती नीट झाली का, मुळात त्यांची गरज होती का, हे घेणाऱ्याला समजत नाही. गाडीची दुरुस्ती हे यातलं नेहमीचं उदाहरण. घरातली जवळजवळ सगळी कारागिरी याच गटातली आहे, कारण तिचा महत्त्वाचा भाग झाकला जातो. पाइप भिंतीत जातो, वायर नळीत जाते, वॉटरप्रूफिंग फरशीखाली जातं, प्लायवूडवर सनमायका बसतो. आपल्याला उरते ती वरची फरशी. आणि वेबसाइटवर फोटो कशाचा असतो? त्याच फरशीचा, चकचकीत पुसून, दिवे लावून.

हे मला एका वॉटरप्रूफिंगवाल्यामुळे नीट समजलं. त्याच्यासाठी मजकूर लिहायचा होता आणि त्याने फोटो पाठवले ते सगळे कुरूप. उकरलेल्या जमिनी, उघडे पडलेले पाइप, कोपऱ्यांत गोलाई देऊन मारलेला राखाडी थर, आणि एका फोटोत फरशी न बसवलेल्या बाथरूममध्ये घोट्याएवढं पाणी साचलेलं. वेबसाइटच्या डिझाइनरला ते मुळीच नको होते. त्याचं म्हणणं, लोकांना शेवटी कसं दिसेल ते दाखवा, चिखल कशाला? मिस्त्री मात्र हटून बसला. म्हणाला, ‘फरशी तर कुणीपण बसवंल. पाणी भरून ठेवलेला फोटो कोण दाखवतंय ते सांगा.’

त्याचं बरोबर होतं. वॉटरप्रूफिंगचा थर दिल्यावर, फरशी बसवण्याआधी, तिथे पाणी भरून निदान एक दिवस, बऱ्याचदा दोन-तीन दिवस तसंच ठेवतात आणि खालच्या छताला ओल येते का ते बघतात. ही पाँडिंग टेस्ट. ती करायची म्हणजे तेवढे दिवस काम थांबवायचं, मजुरांना दुसरीकडे लावायचं, आणि ओल आली तर केलेलं पुन्हा उकरायचं. घाईतल्या माणसाला हे परवडत नाही. म्हणूनच त्या गढूळ पाण्याच्या फोटोला किंमत आहे. मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने, तेही १९७३ सालीच, मांडलं होतं की खूण उपयोगी कधी, तर ती उभी करणं चांगल्याला स्वस्त आणि वाईटाला महाग पडतं तेव्हा. चकचकीत वेबसाइट दोघांनाही सारख्याच पैशांत मिळते. पाण्याने भरलेलं बाथरूम मिळत नाही.

मग मी इतर धंद्यांतही तसले फोटो शोधू लागले. इलेक्ट्रिशियनच्या पानावर झुंबर लटकलेलं असेल तर त्यावरून काही ठरवता येत नाही. वितरण पेटीचं झाकण काढलेला फोटो हवा, आत वायरी सरळ ओढून बांधलेल्या आणि प्रत्येक एमसीबीखाली, म्हणजे जादा भार आला की वीज तोडणाऱ्या स्विचखाली, तो कुठल्या खोलीचा ते लिहिलेलं. प्लंबरचा फोटो भिंत बुजवण्याआधीचा हवा, पाइपात दाब भरून मीटर लावलेला असेल तर उत्तमच. सुताराने कपाटाची दारं दाखवू नयेत, ड्रॉवर बाहेर काढून त्याची पाठ दाखवावी. प्लायची कड बंद केली आहे की उघडीच सोडली आहे ते तिथेच दिसतं. रंगाऱ्याचा फोटो रंगाचा नसावा. खरवडलेली भिंत, पट्टी मारून घासलेली पुट्टी, खिडकीच्या चौकटीला लावलेली चिकटपट्टी आणि जमिनीवर पसरलेलं प्लास्टिक यांचा असावा. एकाच जागेचे तीन टप्प्यांतले फोटो असतील आणि मागे तीच खिडकी, तोच खांब ओळखू येत असेल, तर फार चांगलं. चोरलेले फोटो सहसा एकेकटे असतात.

चोरलेले आहेत का ते बघणं आता अवघड राहिलेलं नाही. फोटो गूगल लेन्समध्ये किंवा टिनआयवर टाकला की तो आणखी कुठे कुठे आहे ते बरंचसं कळतं. तोच ‘आमचा प्रकल्प’ तीन वेगवेगळ्या देशांतल्या वेबसाइटवर असेल तर पुढे वाचायची गरज नाही. मात्र कुठेच सापडला नाही म्हणून तो खरा ठरत नाही. एआयने केलेला फोटोही कुठेच सापडत नाही.

पण इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. वेबसाइट कितीही बारकाईने वाचली तरी आपण तिच्याच मालकाने मांडलेल्या वस्तू बघत असतो. सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १० इतिहासकार, २५ विद्यार्थी आणि १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस यांना अनोळखी वेबसाइट तपासायला दिल्या होत्या. विद्यार्थी आणि बरेचसे इतिहासकार ते पानच वरून खाली वाचत बसले, त्याचं बोधचिन्ह, भाषा, पत्ता बघत राहिले आणि फसले. तपासनीस मात्र पानावर नजर टाकून लगेच बाहेर पडले, शेजारी नव्या टॅब उघडल्या आणि या संस्थेविषयी दुसरे काय म्हणतात ते शोधू लागले. कमी वेळात त्यांचं उत्तर बरोबर आलं.

तीच रीत कारागिराला लावायची तर सर्वांत कामाचा ऐवज म्हणजे त्याचा फोन नंबर. नंबर अवतरणचिन्हांत घालून शोधायचा. एकाच नंबरावर पाच नावांचे पाच धंदे निघाले तर आपण कुठे आहोत ते कळलं. पत्ता नकाशावर बघायचा. तिथे दुकान, गोदाम, राहतं घर काहीही चालेल, पण भर चौकातलं वाहतूक बेट नको. वीज आणि गॅसच्या कामाला बऱ्याच देशांत परवाना लागतो आणि परवानाधारकांची सरकारमान्य यादी कुणालाही बघता येते. ब्रिटनमध्ये २००९ पासून ‘गॅस सेफ रजिस्टर’ आहे, त्यात माणसाचं नाव शोधता येतं. साइटवर नुसतं मानचिन्ह चिकटवणं कुणालाही जमतं, त्या यादीत नाव घालणं जमत नाही.

डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, कधी घेतलं तेही बघता येतं. त्याची तारीख सार्वजनिक असते. मालकाचं नाव मात्र २०१८ मध्ये युरोपचा खासगी माहितीचा कायदा लागू झाल्यापासून बहुतेक ठिकाणी झाकलेलं असतं. पानावर ‘२० वर्षांचा अनुभव’ आणि डोमेन चार महिन्यांपूर्वीचं, असं दिसलं की लोक लगेच लबाडी म्हणतात. मला ते घाईचं वाटतं. वीस वर्षं वेबसाइटविना काम करणाऱ्या मिस्त्रीच्या मुलीने चार महिन्यांपूर्वी हौसेने साइट काढली असेल. आणि जुनं डोमेन म्हणजे जुना धंदा असंही नाही, मुदत संपलेली डोमेन लोक विकत घेतात. वेबसाइटची जुनी रूपं जपून ठेवणाऱ्या वेबॅक मशीनवर त्या पत्त्याची जुनी पानं सापडली तर बघावीत. आधी तिथे कुणाचं तरी फुलांचं दुकान होतं आणि आता तेच पान छत दुरुस्तीत ‘१९९८ पासून’ आहे, असं निघालं तर मात्र गोष्ट वेगळी.

ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हाचं एवढ्यासाठी लिहिते की ज्येष्ठ नातेवाईक अजून मला सांगतात, ‘कुलूप आहे गं वर, साइट सुरक्षित आहे.’ त्या कुलपाचा अर्थ इतकाच होता की तुम्ही आणि ती साइट यांच्यामधलं बोलणं तिसऱ्याला ऐकू जात नाही. समोरचा कोण आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. २०१५ पासून ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या सेवेमुळे त्या कुलपासाठी लागणारं प्रमाणपत्र कुणालाही फुकट मिळतं, भामट्यालाही. गूगलने २०२१ मध्ये केलेल्या पाहणीत या चिन्हाचा नेमका अर्थ फक्त ११ टक्के लोकांना सांगता आला, आणि २०२३ मध्ये क्रोममधून ते कुलूप काढूनच टाकलं.

अभिप्रायांवर फार लिहीत नाही. साइटवरच छापलेले अभिप्राय मी वाचतच नाही, ते निवडून घेतलेले असतात किंवा माझ्यासारख्या कुणीतरी लिहिलेले. अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ पासून खोटे अभिप्राय विकणं-विकत घेणं याला दंड आहे, ब्रिटननेही २०२५ मध्ये त्यांवर बंदी आणली. याचा अर्थ हा बाजार कायदा करण्याइतका मोठा होता. बाहेरच्या ठिकाणचे अभिप्राय वाचताना मी थेट तीन ताऱ्यांवर जाते. पाच तारे देणारा खूश असतो, एक देणारा चिडलेला, तीन देणारा बहुतेक वेळा काय झालं ते सांगतो. ‘काम चांगलं, पण सांगितल्या दिवशी आला नाही, मलबा आम्हालाच उचलावा लागला.’ असा माणूस मला चालतो. मलब्याचं आधी ठरवून घेता येतं. आणि वाईट अभिप्रायाला कारागिराने काय उत्तर दिलं, ते त्याच्या सगळ्या ‘आमच्याविषयी’पेक्षा बोलकं असतं.

हमीचं मात्र थांबून वाचावं. सहा महिन्यांपूर्वी सुरू झालेला धंदा पंधरा वर्षांची हमी देतो तेव्हा तो नक्की काय देतो? शिवाय हमी दोन प्रकारच्या असतात. एक माल बनवणाऱ्या कंपनीची, आणि ती बऱ्याचदा फक्त मालापुरती असते. थर निघाला तर डबा बदलून मिळेल, फरशी उकरण्याची मजुरी तुमची. दुसरी काम करणाऱ्याची. वेबसाइटवर या दोन्ही मिसळून एकच मोठा आकडा लिहिलेला असतो. कशावर, कुणाची, काय झाल्यास रद्द, हे तिन्ही जिथे लिहिलेलं आहे तिथला आकडा लहान असला तरी मी तो धरते.

आणि घराची कुलपं उघडून देणाऱ्यांच्या ज्या प्रकाराबाबत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकसंरक्षण बघणाऱ्या सरकारी संस्थेने लोकांना सावध केलं आहे, तो सगळ्याच तातडीच्या कामांना लागू आहे. फोनवर अगदी किरकोळ रक्कम सांगायची, दारात आल्यावर ‘हे कुलूप साधं नाही, ड्रिल करावं लागेल’ म्हणायचं आणि कितीतरी पट पैसे घ्यायचे. रात्री घराबाहेर अडकलेला माणूस घासाघीस करत नाही. असं काम अंगावर येण्याआधी, निवांत असताना, दोन नंबर शोधून ठेवणं हाच त्यावरचा इलाज मला दिसतो. अडलेल्या अवस्थेत वर लिहिलेल्यातलं काहीही कुणी तपासत नाही, मीसुद्धा नाही.

एवढं सगळं करून हाती काय लागतं? माझ्या मते दोन-तीन नावं आणि त्यांना विचारायचे प्रश्न, बस. चांगल्या मिस्त्रीची वेबसाइट चांगली असेलच असं नाही; ज्याच्याकडे पुढचे तीन महिने काम आहे त्याला ती सुधारायला वेळ नाही आणि गरजही नाही. शुद्धलेखनाच्या चुका, अंधुक फोटो, मोबाइलवर वेडंवाकडं दिसणारं पान, यांवरून मी कुणाला बाद करत नाही. बाद करते ते नाव लपवणाऱ्याला.

खरं ते फोनवर कळतं, आणि तो काय सांगतो यापेक्षा काय विचारतो यावरून जास्त. छत गळतंय म्हटल्यावर एकाने फक्त पत्ता आणि ‘कधी येऊ?’ विचारलं. दुसऱ्याने खोलीचं माप विचारून तिथल्या तिथे रक्कम सांगितली. तिसऱ्याने विचारलं, ‘ताई, पाणी सारखं ठिबकतंय की वर कुणी आंघोळ केली की?’ सारखं ठिबकत असेल तर दाबाखालच्या पाण्याच्या पाइपात काहीतरी आहे, वापरल्यावरच ठिबकत असेल तर सांडपाण्याची लाइन किंवा फरशीखालचा थर गेलेला, आणि या दोन दुरुस्त्यांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. मग त्याने आणखी विचारलं, वरचे लोक त्यांचं बाथरूम उघडू देतील का, दोन दिवस न वापरता राहू शकतील का. मी म्हटलं, त्यांना विचारून सांगते. ‘आधी विचारा, मग मला फोन करा,’ असं म्हणून त्याने फोन ठेवला. त्याच्या वेबसाइटवर एकच पान होतं आणि त्यावरचा नंबर दोन वर्षांपूर्वीच बंद झालेला. नवा नंबर मला त्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने दिला होता.